कॅमेरा कुठे उभा राहणार हे ठरवतं कोण?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यात केबलचा धंदा करतो, मोठ्या छत्रीवाल्या डिशच्या जमान्यापासून करतो, आता बरेच गिऱ्हाईक फ्री डिशवर नाहीतर मोबाइलवर गेले तरी आजूबाजूच्या गावांत अजून माझी लाइन आहे. केबलवाला म्हटलं की लोकांना वाटतं टीव्हीत जे दिसतं ते ह्याच्याच हातात आहे, म्हणून जो प्रश्न चॅनलवाल्यांना विचारायचा तो लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात. सगळ्यात जास्त विचारतात तो हा, "काहून भाऊ, सकाळपासून एकच एक सुरू हाये, आपल्या इकडचं काहीच नाही काय?" मी काय उत्तर देणार. पण प्रश्न खरा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र लांबलं आहे, जागेप्रमाणे काटछाट करा पण गोसेखुर्द धरणाचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

मुद्दा असा आहे की न्यूज चॅनलवर बातमी येणं वेगळं आणि एकच बातमी तासन्‌तास, दिवसभर, कधी कधी आठवडाभर चालणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात चॅनल बाकी सगळं बाजूला ठेवतं, म्हणजे ते आपल्याला सांगतं की आत्ता महाराष्ट्रात ह्यापेक्षा मोठं काही नाही. एवढी मोठी गोष्ट कोणत्या मापानं ठरते हे चॅनलनं प्रेक्षकाला कधी सांगितलेलं मला तरी आठवत नाही.

२०२० चा ऑगस्ट संपत आला होता. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं, ते वैनगंगेनं खाली आलं आणि गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडाऱ्यात पाणी, पवनीकडे पाणी, ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं वेढल्या गेली, पुढे वडसा, गडचिरोली. ज्यांना वैनगंगा माहीत आहे त्यांना सांगायला नको की हे पाणी सगळीकडे एकाच वेळी पोचत नाही, वरून खाली यायला त्याला तास लागतात, आणि ते जे तास असतात ना तेच लोकांच्या हातात असतात, ढोरं सोडायची, धानाची पोती माळ्यावर चढवायची, मोटरपंप काढायचा, म्हाताऱ्या माणसाला उचलून उंचावरच्या शाळेत न्यायचं. माझी मोठी बहीण ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठच्या गावात दिलेली आहे. तिचा फोन आला, "बाबू, तुह्या टीवीवर पाहून सांग ना, आनखीन किती पानी सोडनार हाये मनते?" मी कंट्रोल रूममध्येच बसलो होतो, समोर सगळे चॅनल, मराठी पाहिले हिंदी पाहिले. मुंबईत एका अभिनेत्रीची सीबीआय चौकशी चालू होती, २८ ऑगस्टपासून रोज बोलावत होते, आणि चॅनलवर तिची गाडी घरून निघाली, गाडी पोचली, गेटबाहेर गर्दी झाली, आता आत काय विचारत असतील ह्यावर चार जण बोलायला बसलेले. पूर अजिबातच नव्हता असं मी म्हणणार नाही, खालच्या पट्टीत होता, बुलेटिनमध्ये मिनिट-दोन मिनिट होता, हेलिकॉप्टरचे शॉट होते. पण ताईला जे पाहिजे होतं ते त्यात नव्हतं, विसर्ग किती म्हणजे किती पाणी सोडतात, ते कमी होणार की वाढणार, कोणत्या गावाले किती वाजेपर्यंत पाणी लागू शकते. ते तिला शेवटी मिळालं व्हॉट्सॲपवर, कोणी तरी तहसीलचा मेसेज फॉरवर्ड केला त्यातून. एवढ्या मोठ्या टॉवरच्या, सॅटेलाइटच्या, कोट्यवधी रुपयांच्या यंत्रणेतून नदीकाठच्या बाईला एक आकडा मिळाला नाही, ह्याचा राग मला अजून आहे.

ती चौकशी ज्यासाठी चालू होती तो सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू ही बातमी नव्हती असं माझं म्हणणं नाही, तरुण माणूस गेला होता, त्याच्या घरच्यांना प्रश्न होते, बातमी झालीच पाहिजे होती. पण जूनच्या १४ तारखेपासून पुढे कित्येक आठवडे तेच? जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानं ह्या मीडिया ट्रायलवर कडक निकाल दिला, तपास सुरू असताना काय दाखवू नये ते सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, दिला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी अख्ख्या देशाला महिनोन्‌महिने बसवून ठेवलं होतं त्याचा शेवट हा असा. २०२० च्याच सप्टेंबरच्या २० तारखेला राज्यसभेत शेतीची विधेयकं आवाजी मतदानानं पास झाली. आमच्याकडे कास्तकाराला ती विधेयकं समजून घ्यायची होती, कोणी बाजूने असेल कोणी विरोधात असेल तो भाग वेगळा, पण बाजार समितीचं काय होणार, हमीभावाचं काय होणार हे सोप्या मराठीत दोन तास कोणी बसून सांगितलं असतं तर गावोगाव लोकांनी पाहिलं असतं, मी गॅरंटीनं सांगतो.

दुसरं उदाहरण तर आमच्या जास्तच जवळचं. १ जुलै २०२३, शनिवार, पहाटे दीडच्या आसपास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ माणसं जळून गेली. आमच्या इकडची कितीतरी पोरं-पोरी पुण्यात शिकायला, नोकरीला आहेत, आई-बाप त्याच ट्रॅव्हल्सनं त्यांना भेटायला जातात, त्या दिवशी घरोघर फोन चालू होते. शनिवारी चॅनलनी दिवसभर ती बातमी चालवली आणि चांगली चालवली, रिपोर्टर रात्रीच निघून तिथे पोचले होते. रविवारी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले, कारण मृतदेह ओळखूच येत नव्हते. आणि त्याच रविवारी दुपारी मुंबईत राजभवनात अजित पवारांनी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. झालं, बुलढाणा स्क्रीनवरून गेलं ते गेलं. आता सरकारात एवढी मोठी घडामोड होते आणि चॅनलनं ती दाखवू नये असं म्हणायला मी वेडा नाही, लोकांना तीही पाहायची होती, मलाही पाहायची होती. पण स्क्रीनचे चार तुकडे करून चार नेते बसवता येतात तर त्यातला एक तुकडा दिवसभर बुलढाण्याला देता आला असता. आणि त्या सोमवारी, मंगळवारी जे प्रश्न होते, की गाडी उलटल्यावर लोकांना बाहेर का पडता आलं नाही, काचा फोडायला हातोडी होती की नव्हती, मागचा दरवाजा असतो तो उघडतो का, रात्रीच्या लांबच्या प्रवासात ड्रायव्हर किती तास चालवतो, हे सगळे प्रश्न त्याच रात्री दुसऱ्या ट्रॅव्हल्समध्ये बसणाऱ्या माणसाच्या जिवाचे होते. नंतर कोणत्या आमदाराची गाडी कोणत्या बंगल्यात गेली हे मात्र आम्हाला मिनिटा-मिनिटाला कळत होतं.

हे ठरतं कसं ते थोडं मला माहीत आहे, कारण धंदा त्याच लाइनचा आहे आणि तालुक्यातले काही पोट्टे चॅनलसाठी स्ट्रिंगरचं, म्हणजे इकडून बातम्या पाठवायचं, काम करतात, ते ऑफिसात येऊन बसतात. चॅनलच्या ऑफिसात असाइनमेंट डेस्क असतो, जिल्ह्याजिल्ह्यातून जे येतं ते तिथे येतं, सकाळी मीटिंग होते, आणि भिंतीवर बाकीच्या सगळ्या चॅनलचे टीव्ही लावलेले असतात. समोरच्यानं एखादी बातमी लावली की आपण लावायची, आणि तो सोडत नाही तोपर्यंत आपण सोडायची नाही, कारण आपण सोडली आणि प्रेक्षक तिकडे गेला तर? म्हणजे सगळे एकमेकांकडे पाहून धावतात, पहिला का धावला हे कोणी विचारत नाही.

त्यात पुन्हा रेटिंग. कोणतं चॅनल किती पाहतात ते बार्क नावाची संस्था मोजते, २०१५ पासून, त्याच्या आधी टॅम होती तेव्हा तर खेड्यातली घरं मोजतच नव्हते, गावाचे आकडे पहिल्यांदा बार्कनं २०१५ च्या ऑक्टोबरपासून द्यायला सुरुवात केली. आज देशात वीस कोटींहून जास्त टीव्हीवाली घरं धरतात आणि हे मोजणारे मीटर आहेत पन्नास-साठ हजार घरांत. मीटर कोणाकडे आहे ते गुप्त असतं आणि ते बरोबरच आहे, पण माझं म्हणणं एवढंच की जाहिरातवाल्याला मुंबई-पुण्याचा प्रेक्षक जास्त कामाचा, आर्णी-घाटंजीचा कमी कामाचा, तो काय गाडी विकत घेणार आहे की फ्लॅट. त्यामुळे मुंबईत पाणी तुंबलं की दिवसभर लाइव्ह, आणि आमच्याकडे नाल्याले पूर येऊन पऱ्हाटी म्हणजे कपाशी खरडून गेली की चाळीस सेकंद.

पण सगळं खापर टीआरपीवर फोडणं मला पटत नाही. टीआरपी घोटाळ्याची केस झाली तेव्हा ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे सतरा महिने न्यूज चॅनलचे आकडे बंदच होते. परीक्षाच नव्हती म्हणा ना. तेव्हा तरी वेगळं काही दाखवायला काय हरकत होती, कोणता आकडा पडणार होता? पण मी तर समोर बसून पाहत होतो, फारसा फरक नव्हता, तीच भांडणं, त्याच बंगल्याबाहेरच्या गाड्या. म्हणजे सवय लागली आहे, आणि सवयीला कारण आहे खर्च.

खर्चाची गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. मुंबईत एखाद्या नेत्याच्या बंगल्याबाहेर एक रिपोर्टर, एक कॅमेरामन उभा केला की सकाळपासून रात्रीपर्यंत लाइव्ह मिळतं, त्यात नवीन काही घडलं नाही तरी चालतं, तो गाडीचा नंबर सांगतो, कोण आत गेलं ते सांगतो. तेच गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला जायचं तर नागपूरहून एक दिवस रस्त्यात जातो, गाडी, डिझेल, मुक्काम, आणि पोचल्यावर नेटवर्क नाही. आता पूर्वीसारखी लाइव्ह पाठवणारी मोठी ओबी व्हॅन कमी लागते, पाठीवरच्या बॅगेत चार-पाच सिमकार्ड टाकलेलं मशीन असतं, ते मोबाइलच्या नेटवर्कवर लाइव्ह पाठवतं. म्हणजे जिथे मोबाइल चालतो तिथून लाइव्ह होतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, दर पावसाळ्यात तुटतो, लाइन जाते, टॉवर बंद पडतो, आणि टॉवर बंद पडला की ते लाइव्हमधून पण जातं. माणूस जितका जास्त अडकला तितका तो टीव्हीवर कमी दिसतो. ही गोष्ट चॅनल चालवणाऱ्यांनी नीट विचारात घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण ते मुद्दाम करत नाहीत, पण होतं असंच.

आणि स्ट्रिंगरचं काय, त्याला पगार नाही, लागलेल्या बातमीमागे पैसे, ते पण महिनोन्‌महिने थकतात. स्वतःच्या मोटरसायकलनं, स्वतःच्या पेट्रोलनं जातो, व्हिडिओ काढतो, पाठवतो, आणि वरून उत्तर येतं की विझुअल स्ट्राँग नाहीत. एका पोट्ट्यानं गारपिटीचे व्हिडिओ पाठवले होते, संत्र्याच्या बागेत खाली सडा पडलेला, त्याला डेस्कवरून विचारलं की शेतकरी रडताना नाही का मिळणार. तो नाही म्हणाला. बातमी लागली नाही. चॅनलचं नाव मी लिहीत नाही, लिहून त्याचं काम जायचं.

आता हे पाहा की दिवसभर कोणती बातमी टिकते. २००६ च्या जुलैत हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक लहान पोरगं बोअरवेलच्या खड्ड्यात पडलं आणि पन्नास एक तासांनी जिवंत निघालं, अख्खा देश टीव्हीसमोर बसून होता, आमच्या गावात लोकांनी देवाजवळ दिवे लावले होते. २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले, सतराव्या दिवशी निघाले, तेव्हाही तेच. ही दोन्ही कव्हरेज मला योग्य वाटतात, जीव होते, आणि देशाचं लक्ष होतं म्हणून यंत्रणा पण पळत होती. पण त्या बातम्यांत काय आहे पाहा, जागा एक आहे, कॅमेरा तिथे उभा करता येतो, आणि शेवट काय होणार हे माहीत नाही म्हणून माणूस उठत नाही. आमच्याकडच्या दुःखाला एक जागा नाही. कास्तकार एका खड्ड्यात पडत नाही, आज ह्या गावात एक, परवा त्या गावात एक. २००६ चाच तो जुलै, पहिल्याच तारखेला पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात होते, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा दोन-तीन दिवस सगळ्यांचे कॅमेरे आले, पंतप्रधान गेले की कॅमेरे पण गेले. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथांनी दाखवून दिलं होतं की मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकला ५१२ पत्रकारांनी पास घेतले होते, तिथे सुती कपडे दाखवत होते, आणि ज्या विदर्भात तो कापूस पिकतो तिथल्या आत्महत्यांवर पूर्ण वेळ लिहिणारे बाहेरचे पत्रकार अर्धा डझन. इतकी वर्षं झाली, हे वाचलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवतो. २०१७ मध्ये पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून जास्त कास्तकार आणि मजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, दमट हवा, वारा नाही, फवारा अंगावरच येत होता, माणसं चक्कर येऊन पडायची, काहींना काही दिवस दिसेनासं झालं होतं. हे आठवड्यांपासून सुरू होतं, तुमच्यासारख्या मराठी पेपरांनी आतल्या पानावर छापलं, मग पहिल्या पानावर आलं, आणि चॅनलवर मोठं झालं तेव्हा खूप माणसं गेली होती. विचार करा, पहिल्या आठ-दहा केस आल्या तेव्हाच जर चॅनलनी दिवसभर फक्त एवढं सांगितलं असतं की तोंड बांधा, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, दोन औषधं एकत्र करू नका, उपाशीपोटी जाऊ नका, मळमळ झाली की थांबून थेट दवाखान्यात जा, तर किती घरचे कर्ते पुरुष वाचले असते. ही खरी ब्रेकिंग न्यूज होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पंप पाठीवर घेऊन हजारो माणसं वावरात जाणार होती.

पुढच्याच वर्षी त्याच यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात टी-१ वाघीण होती, जिला अवनी म्हणत होते. सुप्रीम कोर्टापर्यंत विषय गेला, शार्पशूटर आले, हत्ती आले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला मारलं. त्याआधी आणि त्यानंतर दिल्ली-मुंबईचे सगळे चॅनल त्या जंगलात होते. १३ माणसांचा जीव गेल्याचं गावकरी सांगत होते, त्यांची बाजू पण होती, वाघिणीची पण होती, आणि वाद खरा होता, मी त्याला छोटा म्हणत नाही. फक्त मला कोणी सांगावं की एकाच जिल्ह्यात, एका वर्षाच्या अंतरानं, विषारी फवाऱ्यानं गेलेली माणसं चॅनलला उशिरा दिसतात आणि वाघीण लवकर दिसते ह्याचं कारण काय. मला कारण एकच दिसतं, वाघिणीच्या गोष्टीत पाठलाग आहे. पाठलाग असला की पाहणारा बसून राहतो.

ह्याचा परिणाम लोकांच्या वागण्यावर होतो हे पण मला लिहायचं आहे. आमच्या इकडच्या लोकांना आता कळून चुकलं आहे की अर्ज देऊन, तहसीलसमोर बसून कॅमेरा येत नाही. टॉवरवर चढलं, टाकीवर चढलं, अंगावर रॉकेल घेतलं, रस्ता अडवला की येतो. २०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी बच्चू कडूंच्या आंदोलनात नागपूरजवळ हायवे बंद झाला, ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, तेव्हा कर्जमाफीची बातमी दिवसरात्र चालली. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत म्हणे आणि मग वाढवून डिसेंबर अखेरपर्यंत केलं, म्हणजे आमचा कापूस घरात येणार नेमका तेवढ्याच काळात. ज्या दिवशी हा निर्णय आला त्या दिवशी ती आमच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी ब्रेकिंग होती. मी संध्याकाळभर चॅनल बदलत होतो, मला पट्टीवर सापडली. मग उद्या कोणी म्हणालं की बातमी व्हायची असेल तर रस्त्यावर ट्रॅक्टर आडवाच लावला पाहिजे, तर त्याला मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू. पोरांना हा धडा चॅनल देत आहेत आणि त्याची जबाबदारी पण त्यांनी घ्यावी.

रिपोर्टर लोकांबद्दल माझा राग नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळं गेली, तेव्हा ह्याच चॅनलनी विषय लावून धरला, सगळ्या महाराष्ट्रात दवाखान्यांच्या फायर ऑडिटचा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. दर डिसेंबरात अधिवेशनासाठी नागपुरात सगळ्यांच्या गाड्या येतात, टी-पॉइंटवर मोर्चे अडवतात ते दाखवतात, तेवढ्या दिवसांत संत्र्याची, धानाच्या बोनसची, अंगणवाडी ताईंच्या मानधनाची बातमी लागते, आणि लोक पाहतात, मला फोन येतात की भाऊ आज आपलं दाखवलं. म्हणजे गाडी इथे असली की बातमी सापडते. प्रश्न गाडी कुठे उभी आहे ह्याचाच आहे.

आणि कोणी म्हणेल की चॅनलला नियम कसे लावणार, ते तर स्वतंत्र आहेत. अहो लागलेत की. २६/११ च्या वेळी कमांडो कुठून उतरतात ते लाइव्ह दाखवलं, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर फार कडक शब्दांत सुनावलं, आणि २०१५ मध्ये केबलच्या नियमात बदल झाला की अतिरेक्यांविरुद्ध कारवाई सुरू असताना लाइव्ह दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच. आम्ही केबलवाल्यांनी पण तो नियम मानला. काय दाखवू नये ह्याचा नियम होऊ शकतो, झालेला आहे. तक्रारीची सोय पण आहे, आधी चॅनलकडे, तिथे समाधान नाही झालं तर त्यांच्या संघटनेच्या प्राधिकरणाकडे, २०२१ पासून तर हे तीन पायऱ्यांचं केलं आहे. पण ही सगळी सोय जे दाखवलं त्याबद्दल आहे. जे दाखवलंच नाही त्याची तक्रार माझ्या ताईनं कोणाकडे करायची? त्यासाठी एकही खिडकी नाही, आणि आमच्यासारख्या भागाची तर जवळजवळ सगळी तक्रार तीच आहे.

सरकारनं ठरवावं कोणती बातमी चालवायची असं मी अजिबात म्हणत नाही, ते त्याहून वाईट होईल. माझं म्हणणं आहे की चॅनलनीच स्वतःचं एक माप ठरवावं आणि ते लोकांसमोर ठेवावं. माझ्या मते माप हे असावं की ही बातमी पाहणाऱ्या माणसाला येत्या काही तासांत काही करायचं आहे का, आणि दर तासाला त्यात खरंच नवीन माहिती आहे का. धरणाचा विसर्ग, पूर, मोठी आग, औषधातून नाहीतर दारूतून विषबाधा, दंगल असेल तर कोणते रस्ते बंद, बाजार समितीत खरेदी बंद पडली, बियाणं बोगस निघालं, वीज पडण्याचा इशारा, ह्यांना दिवसभर द्या. वीज पडून विदर्भात दर वर्षी वावरात माणसं मरतात, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेचं विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आहे पण शेतातल्या बाईच्या हातात स्मार्टफोन असतोच असं नाही, गावात टीव्ही चालू असतो तिथून निरोप जाऊ शकतो. आणि बंगल्याबाहेरची गाडी असेल तर घडलं की सांगा, आम्ही थांबतो.

आम्ही आमच्या लोकल केबल चॅनलवर पावसाळ्यात तहसीलचा आणि पाटबंधारे खात्याचा मेसेज पट्टीत टाकतो, गावाची नावं घालून. त्याला काही खर्च लागत नाही, एक पोरगी कॉम्प्युटरवर बसून टाइप करते. जे तालुक्याचा केबलवाला करू शकतो ते एवढ्या मोठ्या चॅनलला जमत नाही असं कसं होईल. गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की स्क्रीनच्या एका बाजूला एक पाटी ठेवायची, किती दरवाजे, किती विसर्ग, खालची गावं कोणती, केव्हाचा आकडा आहे. बाकी स्क्रीनवर पाहिजे ती चर्चा चालू द्या. इरई असो, ऊर्ध्व वर्धा असो, ईसापूर असो, सगळ्यांचं तसंच. दूरदर्शननं तर हे पहिले करायला पाहिजे, फ्री डिश आज गरिबाच्या घरात आहे, सह्याद्रीवर पुराच्या दिवसांत विदर्भासाठी तास-दोन तास काढता येतात, आकाशवाणी नागपूरच्या बातम्या म्हातारे लोक अजून ऐकतात, त्यांना ते जमतं.

चॅनलकडे दुसरी मागणी अशी की मुंबईबाहेर, निदान यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, बुलढाणा अशा ठिकाणी स्ट्रिंगरला महिन्याला ठरलेले पैसे द्या आणि नेटवर्क गेलं तर फोनवरून बोलणारा माणूस म्हणून तरी त्याला स्क्रीनवर घ्या. नुसत्या फोटोवर आवाज चालवा. पुरातल्या गावातून आलेला फोनवरचा आवाज लोक तासभर ऐकतील, विझुअल नाहीत म्हणून बातमी सोडू नका.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे पण एक मागणं आहे. सिनेमाची, क्रिकेटची पानं तुम्ही काढता, तसा आठवड्यातून एक कॉलम काढा की गेल्या आठवड्यात कोणत्या चॅनलनी कोणती बातमी किती तास चालवली आणि त्याच दिवशी तुमच्या जिल्हा प्रतिनिधींनी काय पाठवलं होतं जे टीव्हीवर आलंच नाही. दोन्ही शेजारी शेजारी छापा. तास मोजायचं काम लागत असेल तर मी माझ्या कंट्रोल रूममध्ये बसून लिहून देतो, माझ्यासमोर सगळे चॅनल दिवसभर सुरूच असतात, आणि माझ्यासारखे केबलवाले प्रत्येक तालुक्यात आहेत, विचाराल तर तेही देतील. पावसाळ्याच्या आधी सुरू करा, मृग लागायच्या आत केलं तर फार बरं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक केबल चालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ